सामुराईंवर हौसेनं लिहायचंय? आधी विचारा : ही गोष्ट कोणी आणि कधी लिहिली?

प्रश्न असा आहे : "इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही, जपानी येत नाही, पण सामुराईंच्या लढाया, माणसं, तलवारी यांचं वेड आहे. या विषयावर हौस म्हणून नियमित लिहायचं तर सुरुवात कुठून करावी? कशावर विश्वास ठेवावा? चित्रं कुठली वापरावीत?"

मी हे काम बरीच वर्षं करतो आहे. रोजगाराचा धंदा वेगळा आणि संध्याकाळ या विषयाची, अशी विभागणी आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी घरचा वाटला. उत्तर लांबणार आहे.

रीतसर शिक्षण नाही याची फार चिंता करू नका. खरी अडचण दुसरीच आहे. हा विषय आपल्यापर्यंत येतो तोच मुळी गोष्ट होऊन. चित्रपट, व्हिडिओ गेम, कॉमिक्स या सगळ्यांतून सामुराईची एक तयार मूर्ती डोक्यात बसलेली असते, आणि मग आपण पुस्तकांतही तीच शोधत राहतो. यावर मला एकच उपाय लागू पडला. माझ्या वहीत प्रत्येक प्रसंगापुढे दोन सनांचे रकाने असतात. पहिल्यात प्रसंग कधी घडला ते, दुसऱ्यात तो पहिल्यांदा कोणी, कधी लिहिला ते. दुसरा रकाना रिकामा असेल तोवर मी त्या प्रसंगावर लिहीत नाही.

नागाशिनोची लढाई घ्या, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. १५७५ मध्ये ओदा नोबुनागा आणि तोकुगावा इएयासु या दोन बड्या सरदारांच्या सैन्याने ताकेदा कात्सुयोरीचा पराभव केला. लोकप्रिय वर्णन असं : ३००० बंदुका, बंदूकधाऱ्यांच्या तीन रांगा, एक रांग बार काढते तोवर मागच्या दोन दारू ठासतात, आणि ताकेदांचं घोडदळ त्या अखंड माऱ्यात कापलं जातं. मीसुद्धा सुरुवातीला हे वर्णन जसंच्या तसं लिहिलं होतं, रांगांची आकृती काढून. मग दुसरा रकाना भरायला बसलो. नोबुनागाच्या पदरी असलेला ओता ग्युइची हा त्या काळातला माणूस. त्याने लिहिलेल्या ‘शिंचो-को की’ या चरित्रात बंदुका आहेत, त्यांच्यावर नेमलेले पाच अधिकारी आहेत, लाकडी कुंपण आहे, ताकेदांच्या तुकड्या पाळीपाळीने चालून आल्याचंही आहे. तीन रांगांची आळीपाळीची फैर मात्र कुठेच नाही. बंदुकांचा आकडाही साधारण हजार असा आहे, आणि एका हस्तलिखितात त्या हजाराच्या बाजूला बारीक अक्षरात ‘तीन’ घातलेला दिसतो. तीन पाळ्यांची कथा येते ती ओझे होआन याच्या पुस्तकातून. त्याने १७व्या शतकाच्या सुरुवातीला ग्युइचीचाच मजकूर घेऊन तो रंगवला. पुढे मेइजी काळात (१८६८ ते १९१२) जपानी लष्कराच्या जनरल स्टाफने जुन्या लढायांचा इतिहास छापला, त्यात ती कथा घेतली गेली आणि तिला सरकारी वजन आलं. तिथून ती पाठ्यपुस्तकांत, आणि पाठ्यपुस्तकांतून पडद्यावर.

याचा अर्थ तीन रांगा नव्हत्याच, असं छातीठोकपणे सांगा असं मी म्हणत नाही. "पाळ्यांचं वर्णन होआनकडे आहे, ग्युइचीकडे नाही" एवढं एक वाक्य लिहा. वाचकाला तेवढं पुरतं.

उलट बाजूचीही एक हकिकत सांगतो, कारण या सवयीचा अतिरेक झाला की माणूस सगळ्यालाच खोटं म्हणायला लागतो. कावानाकाजिमा इथे ताकेदा शिंगेन (कात्सुयोरीचा बाप) आणि त्याचा प्रतिस्पर्धी सरदार उएसुगी केनशिन १५५३ ते १५६४ या काळात पाच वेळा समोरासमोर आले. त्यातली १५६१ ची चौथी लढाई सर्वांत रक्तरंजित. केनशिन घोड्यावरून थेट शिंगेनच्या छावणीत घुसतो, तलवारीचे वार करतो आणि शिंगेन ते हातातल्या लोखंडी युद्धपंख्यावर झेलतो, हे दृश्य त्याच लढाईचं. नागानो शहरात त्या क्षणाचा पुतळा आहे. या दृश्याचा मुख्य आधार ‘कोयो गुनकान’ हा ग्रंथ. ताकेदांचा सरदार कोसाका मासानोबू याच्या नावावर तो आहे, पण आजच्या रूपात त्याला आणला तो ओबाता कागेनोरीने, १७व्या शतकाच्या सुरुवातीला. आपल्याकडची बखर वाचायची सवय असेल तर त्याची चव लगेच ओळखू येते : माणसं जिवंत, संवाद खणखणीत आणि तारखा भलत्याच.

तारखांतल्या या चुकांमुळे मेइजी काळापासून अभ्यासकांनी हा ग्रंथ जवळजवळ निकालात काढला. त्यात शिंगेनचा एक लंगडा, एका डोळ्याचा युद्धसल्लागार आहे, यामामोतो कानसुके. समकालीन कागदात त्याचं नाव कुठेच मिळत नव्हतं, म्हणून हा माणूसच काल्पनिक आहे असं मत रूढ झालं. मग १९६९ मध्ये होक्काइदोत एका जुन्या घराण्याच्या कागदांत शिंगेनचं एक पत्र सापडलं. १५५७ सालचं, इचिकावा नावाच्या सरदाराला लिहिलेलं. बाकीचा तपशील यामामोतो कानसुके तोंडी सांगेल, असं त्यात आहे. नावातलं एक अक्षर ग्रंथातल्यापेक्षा वेगळं आहे, आणि पत्रातला माणूस निरोप्या दिसतो, महान सल्लागार नव्हे. तरीही कानसुके नावाचा माणूस शिंगेनच्या पदरी होता हे त्या एका कागदाने दाखवून दिलं. मी हे प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. उशिरा लिहिलेल्या ग्रंथात खरी माणसं दडलेली असू शकतात. म्हणून होआन काय, कोयो गुनकान काय, फेकून द्यायचे नाहीत. कुठला तपशील कुठून आला त्याची चिठ्ठी लावून ठेवायची.

प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशीच्या बाबतीत ही चिठ्ठी लावायला बसलात तर हातात किती थोडं उरतं ते बघा. गानर्यू बेटावरचं द्वंद्व सगळ्यांना माहीत असतं. मुसाशी मुद्दाम उशिरा येतो, वल्ह्यातून कोरलेली लाकडी तलवार घेऊन, आणि सासाकी कोजिरो चिडून म्यान फेकून देतो. खुद्द मुसाशीने १६४५ मध्ये, मृत्यूच्या आधी, आपल्या युद्धविद्येवर ग्रंथ पुरा केला. त्यात तेराव्या वर्षापासून एकोणतिसाव्यापर्यंत साठाहून अधिक द्वंद्वं केली आणि एकही हरलो नाही असं तो सांगतो, पण या द्वंद्वाचा उल्लेख करत नाही. त्याचा दत्तक मुलगा इओरी याने १६५४ मध्ये कोकुरात शिलालेख उभारला. त्यात द्वंद्व आहे, प्रतिस्पर्ध्याचं नाव नुसतं गानर्यू, आणि दोघं एकाच वेळी आले असं लिहिलं आहे. उशिरा येण्याची कथा आणि १६१२ हे साल ‘नितेन-की’ या १७७६ च्या चरित्रातलं. मधे दीडशेहून जास्त वर्षं गेली. उशिरा येण्याचा डाव हा मुसाशीच्या ‘मानसिक युद्धा’चा नमुना म्हणून व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत सांगितला जातो तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. ज्याने ते खरंच लिहून ठेवलं आहे तो मुसाशी वाचायला कितीतरी जास्त कसदार आहे.

जवळच्या काळातली नोंद म्हणजे खरी नोंद, असंही धरून चालू नका. कामाकुरा राजवटीचा इतिहास ‘आझुमा कागामी’ हा ११८० ते १२६६ या काळाची दिनांकवार हकिकत देतो. रोजनिशीसारखा वाचता येतो म्हणून नवखा लेखक त्याच्यावर भाळतो. प्रत्यक्षात तो १३व्या शतकाच्या अखेरीनंतर संकलित झाला, आणि तोही सत्ताधारी होजो घराण्याच्या सोयीने. पहिला कामाकुरा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, मिनामोतो नो योरितोमो ११९९ मध्ये वारला, पण मृत्यूआधीच्या सुमारे तीन वर्षांच्या नोंदीच या ग्रंथात नाहीत. तो पुलाच्या समारंभाहून परतताना घोड्यावरून पडला, हे आपल्याला कळतं ते १२१२ च्या एका नोंदीत, त्याच पुलाच्या डागडुजीचा विषय निघाला म्हणून. असा खड्डा दिसला की त्याचा उल्लेख करा. षड्यंत्राची गोष्ट रचून तो बुजवू नका.

आता बुशिदो. वाचकांचे सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. सामुराईंची एक ठरलेली, लेखी, शतकानुशतकं चालत आलेली आचारसंहिता होती, असं लोक गृहीत धरतात. नितोबे इनाझो यांचं बुशिदोवरचं गाजलेलं पुस्तक १९०० सालचं, मूळ इंग्रजीत लिहिलेलं आणि अमेरिकेत छापलेलं. नितोबे क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते आणि पाश्चात्त्य वाचकाला जपानची नीती समजावून सांगत होते. ‘हागाकुरे’ जुनं आहे, पण किती जुनं? साधारण १७०९ ते १७१६ या काळात सागा संस्थानातल्या यामामोतो त्सुनेतोमोची वचनं ताशिरो त्सुरामोतो याने टिपून घेतली. तोवर देशात शांतता नांदून शंभर वर्षं होत आली होती. त्सुनेतोमो आयुष्यात लढाईवर गेला नव्हता. धनी नाबेशिमा मित्सुशिगे १७०० मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे प्राण देण्याची त्सुनेतोमोची इच्छा होती, पण तशा आत्मबलिदानाला बंदी होती, म्हणून त्याने संन्यास घेतला. मरणाविषयीची त्याची तीव्रता त्या अडवल्या गेलेल्या इच्छेसोबत वाचली तर तो माणूस समजतो. ती वाक्यं उचलून १६व्या शतकातल्या योद्ध्याच्या तोंडी घातली की दोघांवरही अन्याय होतो.

१६व्या शतकातला योद्धा कसा वागत होता? आकेची मित्सुहिदेने १५८२ मध्ये होन्नो-जी मंदिरात आपल्याच धन्यावर, नोबुनागावर, चाल केली. कोबायाकावा हिदेआकीने १६०० मध्ये सेकिगाहाराच्या रणात बाजू बदलली आणि लढाईचा निकाल फिरला. तोदो ताकातोराने उभ्या आयुष्यात धनी अनेक बदलले आणि अखेर ३ लाख कोकूंहून मोठ्या संस्थानाचा दाइम्यो होऊन सन्मानाने मेला. (कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदळाचं माप. जमिनीचं मोल त्यावर ठरे, आणि १० हजार कोकूंच्या पुढचा सरदार दाइम्यो.) निष्ठा हा शब्द त्या काळी होताच. पण ती दोन्ही बाजूंनी पाळायची गोष्ट होती, आणि जमीन नाही मिळाली तर माणूस दुसरीकडे जाई.

म्हणूनच लिहिताना ‘सामुराई असं करत’ हे वाक्य टाळा. कुठल्या शतकातले? सात-आठशे वर्षांचा पल्ला आहे. शब्द आला तो ‘साबुराऊ’ या क्रियापदावरून, म्हणजे सेवेत हजर असणं. मुळात तो दरबारी लोकांच्या पदरच्या माणसाला लागे. कामाकुरा काळचा योद्धा स्वतःची ओळख ‘धनुष्य आणि घोड्याची वाट’ अशी सांगे, तलवारीची नव्हे. त्याच्या कमरेला ताची ही लांब तलवार लटके, धार खाली करून. काताना ही तलवार पट्ट्यात खोचायची, धार वर करून, ही रीत नंतरची. शेतात राबणारा आणि हाक आली की भाला घेऊन निघणारा गावचा योद्धा १५व्या-१६व्या शतकात सर्रास दिसतो. नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांची हत्यारं जमा करण्याचा हुकूम काढला, आणि त्यानंतरच ही दोन आयुष्यं हळूहळू वेगळी झाली. एदो काळचा, म्हणजे तोकुगावा राजवटीतला (१६०३ ते १८६८), सामुराई बहुतेक वेळा कचेरीत कागद सांभाळणारा पगारी माणूस, पगार तांदळात. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, तांदळाचा तनखाही रोख्यांत बदलून बंद झाला, आणि पुढच्याच वर्षी नाराज सामुराईंचं सात्सुमाचं बंड झालं. या सगळ्यांना एकाच पोशाखात उभं करणारं लिखाण मी दोन ओळींत ओळखतो. काही दिवसांत तुम्हीही ओळखाल.

तारखांची एक मोठी खाच आहे, तिच्यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा पडतो. जपानने १ जानेवारी १८७३ पासून ग्रेगोरियन पंचांग घेतलं. त्याआधीच्या तारखा चांद्र-सौर पंचांगातल्या, अधिकमासासकट. आपल्याला पंचांगाची सवय असल्यामुळे हे समजायला अवघड नाही, पण लिहिताना हात चुकतो. सेकिगाहाराची लढाई केइचो ५ (केइचो नावाच्या कालखंडाचं पाचवं वर्ष), नवव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी झाली. ती १५ सप्टेंबर १६०० नव्हे, २१ ऑक्टोबर १६००. सत्तेचाळीस रोनिनांचा (धनी गमावलेल्या सामुराईंचा) धन्याच्या सुडासाठीचा हल्ला गेनरोकु १५ च्या बाराव्या महिन्यात चौदाव्या रात्री झाला. मी एका लेखात तो १४ डिसेंबर १७०२ असा दिला होता. आपल्या हिशोबाने तो १७०३ च्या जानेवारीची अखेर होते, म्हणजे नुसता महिना नाही, वर्षच बदलतं. टोकियोच्या सेनगाकु-जी मंदिरात दरवर्षी १४ डिसेंबरला स्मरणोत्सव असतो, त्यामुळे गोंधळ आणखी घट्ट होतो. आणि ऑक्टोबर १५८२ च्या आधीच्या युरोपीय तारखा ज्युलियन असतात. होन्नो-जी २१ जून १५८२ असं दिसलं तर ती ज्युलियन. मी आता मूळ जपानी तारीख आधी आणि रूपांतर नंतर, असं दोन्ही लिहितो. वाचायला जरा जड होतं, पण पडताळता येतं.

नावांनी सुरुवातीला डोकं फिरतं. इएयासु लहानपणी ताकेचियो, मग मोतोनोबु, मग मोतोयासु, मग इएयासु. आडनाव मात्सुदाइरा होतं, ते १५६६ मध्ये तोकुगावा झालं. केनशिन हे तर संन्यस्त नाव. त्याआधी तो नागाओ कागेतोरा, मग उएसुगी मासातोरा, मग तेरुतोरा. एकाच लढाईवरच्या दोन पुस्तकांत दोन नावं दिसली आणि ती दोन माणसं समजून मी एकदा एक अख्खं परिशिष्ट चुकवलं होतं. एक यादी पहिल्या दिवसापासून ठेवा : माणूस, नावं, कुठल्या सनापासून कुठलं. आडनाव आधी, नाव नंतर, हा जपानी क्रम मोडू नका.

आणि मराठीत लिहिताय तर इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जपानी त आणि द आपल्या त-दच्या जवळचे आहेत. टोकुगावा, टोयोटोमी, ओडा, टाकेडा ही रूपं रोमन लिपीतून आलेली आहेत. तोकुगावा, तोयोतोमी, ओदा, ताकेदा लिहा. ‘त्सु’ या उच्चारापाशी इतर भाषकांची जीभ अडखळते. आपल्याकडे ‘चुलत’मधला दंत्य च आहे, तोच जवळजवळ त्सुचा आवाज. एवढी तयार जीभ असताना उसने उच्चार कशाला घ्यायचे? टोकियो, क्योटो अशी रुळलेली शहरांची नावं मात्र मी तशीच ठेवतो, वाचकाला उगाच ठेच नको. दीर्घ ओ देवनागरीत वेगळा दाखवता येत नाही. त्यासाठी माझ्या यादीत प्रत्येक नावापुढे मूळ चित्रलिपीतली अक्षरं लिहिलेली असतात.

ही अक्षरं लिहिण्याची सवय ‘जपानी येत नाही’ या तुमच्या अडचणीवरचाही अर्धा इलाज आहे. संभाषणाची जपानी शिकायला वर्षं जातात, पण काना या दोन्ही उच्चारानुसारी लिप्या काही आठवड्यांत येतात, आणि नावं, गावं, सनावळ्या, पदव्या यांची दोन-तीनशे कांजी, म्हणजे चित्रलिपीतली, अक्षरं ओळखू लागलात की शोध घेता येतो. टोकियो विद्यापीठाच्या इतिहास-साहित्य संपादन संस्थेची, शिर्यो हेनसानजोची, सूची घरबसल्या पाहता येते. १९०१ पासून त्या संस्थेने ‘दाइ निहोन शिर्यो’ ही मूळ साधनांची प्रचंड मालिका छापायला घेतली आहे. राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात मेइजी काळची छापील पुस्तकं पानन् पान पाहता येतात. हस्तलिखितांतली वळणदार, एकात एक गुंतलेली अक्षरं आज बहुतेक जपानी माणसांनाही वाचता येत नाहीत. त्यासाठी २०२१ मध्ये निघालेलं ‘मिवो’ नावाचं मोफत अॅप आहे, फोटो काढला की आजची अक्षरं दाखवतं. चुकतंही, पण एखादं नाव शोधायला फार उपयोगी पडतं.

चित्रांचा भाग मला सर्वांत प्रिय आहे, तेव्हा इथे थोडा रेंगाळतो. क्योटोच्या जिंगो-जी मंदिरातलं काळ्या दरबारी वेषातलं भव्य चित्र ‘योरितोमो’ म्हणून जगभर छापलं गेलं. १९९५ मध्ये असा दावा मांडला गेला की ते आशिकागा तादायोशीचं आहे, म्हणजे दीडशे वर्षं पुढचं. वाद मिटलेला नाही, आणि जपानी पुस्तकं आता ‘योरितोमोचं मानलं जाणारं’ असं सावध लिहितात. उपसलेली तलवार खांद्यावर, विस्कटलेले केस, काळा घोडा, असं एक चित्र ‘आशिकागा ताकाउजी’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत होतं. तलवारीच्या साजावरचं घराण्याचं चिन्ह आशिकागांचं नाही, ‘को’ नावाच्या घराण्याचं दिसतं. त्यामुळे आता त्याला नुसतं ‘घोडेस्वार योद्धा’ म्हणतात. हासेगावा तोहाकुने काढलेला जाडजूड, टक्कल पडू लागलेला ‘ताकेदा शिंगेन’ही असाच शंकेत आहे, कारण त्यावरचं चिन्ह ताकेदांचं नाही. चित्राखाली नाव घालण्याआधी त्यातलं चिन्ह शोधा. मोठी प्रत मिळवून तलवारीची मूठ, म्यान, बाही बघा. माझे कितीतरी रविवार यात गेले आहेत आणि त्यांतला एकही वाया गेला असं वाटत नाही.

रंगीत लाकडी ठशांच्या चित्रांचा सापळा निराळा. एदो सरकारने साधारण १५७० नंतरच्या सरदारांची खरी नावं छापायला मनाई केली होती. हिदेयोशीवरच्या चित्रांमुळे १८०४ मध्ये चित्रकार उतामारोला पन्नास दिवस हातबेड्या घालून ठेवलं. त्यामुळे कुनियोशी या चित्रकाराच्या चित्रांत हिदेयोशी ‘माशिबा हिसायोशी’ होतो. सत्तेचाळीस रोनिनांचं नाटक १७४८ मध्ये रंगभूमीवर आलं ते थेट १४व्या शतकाच्या वेषात, त्या शतकातल्या को नो मोरोनाओला खलनायक करून. चित्रावरचं नाव जसंच्या तसं भाषांतरित केलंत तर वाचकाला भलताच माणूस दिसेल.

जुने फोटो बघून तर हरखून जायला होतं. पण १८६० च्या दशकापासून योकोहामाच्या स्टुडिओंत परदेशी गिऱ्हाइकांसाठी नमुन्याची माणसं चिलखत घालून उभी केली जात, आणि मग फोटो हाताने रंगवले जात. ‘शेवटचा सामुराई’ म्हणून फिरणारे कित्येक फोटो या जातीचे. सात्सुमाच्या बंडाचा नेता साइगो ताकामोरी याचा खात्रीचा एकही फोटो नाही. किओस्सोने या इटालियन चित्रकाराने काढलेलं त्याचं प्रसिद्ध व्यक्तिचित्र त्याच्या मृत्यूनंतर, धाकटा भाऊ आणि चुलतभाऊ यांच्या चेहऱ्यांवरून बेतलेलं आहे. अस्सल फोटो हवा असेल तर १८६४ चा घ्या : फ्रान्सला निघालेल्या शोगुनच्या वकिलातीतले सामुराई इजिप्तच्या स्फिंक्ससमोर, तलवारींसकट. हा विश्वास न बसण्याजोगा फोटो खरा आहे.

हक्कांबद्दल थोडक्यात. जपानमध्ये प्रताधिकाराची मुदत ३० डिसेंबर २०१८ पासून मृत्यूनंतर ७० वर्षं झाली, पण १९६७ पर्यंत वारलेल्यांचं काम आधीच मुक्त झालेलं आहे. जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचा ‘कोलबेस’ हा एकत्रित संग्रह श्रेय देऊन वापरता येतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्या प्रताधिकारमुक्त वस्तूंच्या प्रतिमा खुल्या केल्या. चिलखतं आणि तलवारींची मूठकवचं तिथे भरपूर आहेत. मंदिरांच्या मालकीच्या चित्रांसाठी परवानगी मागावी लागते. मागा, कधीकधी मिळते.

किल्ल्यांबद्दल एवढंच : जुना, लाकडी मुख्य बुरूज आज बाराच किल्ल्यांवर उभा आहे. ओसाकाचा १९३१ मधला काँक्रीटचा आहे. फोटोखाली ते साल लिहायला विसरू नका.

यासुकेबद्दल लिहावं का, असंही लोक विचारतात, कारण त्या नावावरून लगेच भांडणं लागतात. जरूर लिहा, पण साधनांच्या कुंपणातच राहा. धर्मप्रचारक वालिन्यानो याच्याबरोबर आलेला हा आफ्रिकी माणूस १५८१ मध्ये नोबुनागाला भेटला आणि त्याच्या पदरी राहिला. जेझुइट धर्मप्रचारकांच्या पत्रांत तो आहे. मात्सुदाइरा इएतादाच्या रोजनिशीत त्याचं नाव आणि उंची आहे, ६ शाकू २ सून, म्हणजे सुमारे १८८ सेंटिमीटर. ग्युइचीच्या चरित्राच्या एका प्रतीत त्याला तनखा, आखूड तलवार आणि घर दिल्याचं आहे. होन्नो-जीच्या दिवशी तो लढला आणि पकडला गेला. एवढं लिहून थांबा. त्याला महान सेनापती करणारे आणि नुसता हमाल म्हणणारे, दोघंही या कुंपणाबाहेर गेलेले आहेत. तुम्हाला दोन्हीकडून चिडलेली पत्रं येतील. त्यांना उत्तर म्हणून साधनातली ओळ पाठवा.

चूक सापडली की मजकूर गुपचूप बदलू नका. काय चुकलं होतं, कधी आणि कशावरून दुरुस्त केलं, ते त्याच जागी लिहा. नागाशिनोच्या माझ्या जुन्या आकृतीखाली तशी टीप आहे. त्या टिपेमुळे मला जपानमधल्या एका वाचकाने ग्युइचीच्या मजकुराची ओळन् ओळ समजावून दिली.

पहिला विषय कोणता घ्यावा? नोबुनागा किंवा मुसाशी नको, तिथे गर्दी आहे आणि गाळ फार. ताकेझाकी सुएनागा घ्या. १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांत लढलेला, क्यूशू बेटावरचा हा लहानसा योद्धा. त्याने आपल्या पराक्रमाची चित्रगुंडाळी करवून घेतली. म्हणजे घटना आणि नोंद यांत फार तर वीसेक वर्षं, आणि बोलणारा माणूस तिथे हजर होता. गुंडाळी शाही संग्रहात आहे, २०२१ मध्ये तिला राष्ट्रीय ठेवा घोषित केलं गेलं, आणि तिच्या चांगल्या प्रतिमा मिळतात. एका दृश्यात त्याचा घोडा रक्तबंबाळ झालाय आणि डोक्यावर एक गोळा फुटतोय. तसे मातीचे गोळे ताकाशिमाजवळ समुद्राच्या तळाशी खरोखर सापडले आहेत. त्याच दृश्यातले तीन मंगोल सैनिक मात्र नंतर कोणीतरी रंगवले असावेत अशी शंका अभ्यासकांना आहे. पाहा तुम्हाला काय दिसतं ते.

आणि लढाईच्या पुढचा भाग सोडू नका. पाच स्वारांनिशी पुढे घुसूनही सुएनागाच्या नावाची नोंद झाली नाही. १२७५ मध्ये तो घोडे-खोगीर विकून वाटखर्च उभा करतो, थेट कामाकुरा गाठतो आणि आदाची यासुमोरी या बड्या अधिकाऱ्यासमोर बसून आपलं म्हणणं मांडतो : मी पहिला होतो, खोटं असेल तर माझं डोकं उडवा. यासुमोरी ऐकून घेतो. सुएनागाला हिगो प्रांतात काइतोची जमीनदारी मिळते, आणि परतीच्या वाटेसाठी एक घोडा.